बेडूकवाले भाऊजी

भाऊजींच्या बंडीच्या दोन्ही खिशांत लाकडाचे बेडूक असत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून ते स्वतः कोरत, रंगवत आणि पोटाखाली गळ बसवत. असा बेडूक पाण्यावर तरंगे. दोरीला हिसका दिला की तो ‘बुडुक बुडुक’ करत पोहल्यासारखा पुढे येई, आणि खालून मरळ जातीचा मासा त्याच्यावर झडप घाली. प्रकाशा गावात सगळे त्यांना बेडूकदादा म्हणत.

ते माझे सख्खे दीर नव्हेत, यांचे बालमित्र. तरुणपणी कुणा गोऱ्या साहेबाच्या फिरतीवर कारकून म्हणून हिंडले, तिथे हा नाद लागला. बायको लवकर गेली, मुलगी लोणखेड्याला दिली, आणि मग त्यांनी आमची ओसरी धरली ती धरलीच.

तापीवर जायच्या आधी बेडूक निवडायचा कार्यक्रम चाले. ओसरीवर घोंगडी अंथरून त्यावर सगळे बेडूक मांडायचे आणि दोघांनी समोरासमोर बसायचं. “भाऊ, आज लाल का काया?” हे लाल-काळे बेडूक पुढे करून विचारत. भाऊजी आधी आभाळ बघत, मग नदीकडून आलेल्या एखाद्या माणसाला पाण्याचा रंग विचारत. “पानी गढूळ शे. काया ले. खालथून सावली दिसाले पाहिजे.” मग वारा आहे का, शेवाळ किती, तोंड खोलगट असलेला आवाजाचा बेडूक घ्यावा की गुपचूप सरकणारा. खापरावरचे मांडे गार होऊन वातड झाले तरी यांचं ठरत नसे. मी दाराआड उभी राहून ऐके आणि आतल्या आत जळे. नवी लुगडी घेताना कुठला रंग मला शोभेल, हे यांनी कधी विचारलं नव्हतं. जेवताना माझ्याशी दोन शब्द बोलत: ‘वाढ’ आणि ‘पुरे’.

आमच्या घरात मासा शिजत नव्हता. धरलेली मरळ नावाड्यांना देऊन दोघे हात हलवत परत येत. एकदा मी न राहवून विचारलं, “खावाना नही तं धरतस कसाले?”

भाऊजी हसले. “वयनी, ती वर येस तवय समजस, आपुन बरोबर निवडं व्हतं का नही.”

त्यांचं आणखी एक सांगणं होतं. नवखा माणूस मरळीला भूक लागायची वाट बघतो, म्हणत. “मरळले भूक लागो का नही लागो, राग येवाले पाहिजे. आपला डोहमा दुसरं कोनी हाललं का तिले सहन होस नही.” हे ऐकून आमचे हे मान डोलवत. मी आत परातीत पीठ आपटत होते. डोहातल्या त्या मरळीचं मला काही नवल वाटलं नाही.

तिकडे विलायतेत लढाई सुरू झाली त्या सुमारास यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. हे आता माझ्या स्वाधीन झाले, असा एक विचार त्या दुःखातही मनात येऊन गेला. पण तोही टिकला नाही. मी भरवलेली पेज हे ओठ मिटून नाकारत. भाऊजी सकाळी येत, गोधडीवर बेडूक मांडत आणि तोच वाडगा हातात घेत, की हे तोंड उघडत. पोट भरलं की डाव्या हाताचं बोट एका बेडकावर ठेवत. भाऊजी तो घेऊन नदीवर जात आणि उन्हं चढल्यावर येऊन काय झालं ते सांगत. यांचे डोळे तेवढ्यापुरते जिवंत होत.

एके सकाळी मी वाडगा खाली ठेवून चुलीपाशी जाऊन बसले. डोळ्यांतलं पाणी धुराच्या नावावर खपवायचं होतं, पण चूल विझलेली होती. भाऊजींनी बघितलं. 

दुसऱ्या दिवशी ते आले ते खिशांवर हात दाबूनच. यांनी गोधडीवर बोटं वाजवली. भाऊजी जागचे हलले नाहीत. “पह्यले वयनीना हातना घास, मंग बेडूक.”

हे रागावले, भिंतीकडे वळले. भाऊजी तसेच बसून राहिले.  शेवटी यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघून तोंड उघडलं. मी घास घातला.  तो घासही भाऊजींच्या हुकमाने गेला, हे मला कळत होतं. तरी त्या दिवसापासून हे माझ्याच हातून जेवले, अगदी शेवटपर्यंत.

हे चैत्रात गेले. तेराव्यानंतर भाऊजी आमच्याकडे फिरकले नाहीत. पावसाळा सरल्यावर एका दुपारी आले. मुलगी न्यायला आली होती, लोणखेड्याला कायमचं जायचं होतं. ओसरीच्या कडेला टेकले, पाणी प्याले आणि खाली बघत म्हणाले, “वयनी, एक सांगू? तुम्ही पहाटे जातंवर गानं म्हनेत ना, तवय तो जागा ऱ्हाये. डोया मिटीसन पडी ऱ्हाये. माले म्हने, मी उठनू तं ती गानं बंद करी देई.”

 इतकी वर्षं मला वाटे, जात्याच्या घरघरीतही हे गाढ झोपतात.

“मंग त्यास्नी माले कधीच का सांगं नही?” मी विचारलं.

“तुमनामोरे त्यानी जीभ उचले नही, वयनी. नदीवर बसना का मंग तुमनंच बोले.”

ते उठले. मुलगी गाडीत बसून वाट बघत होती. मी वाकून नमस्कार केला आणि उंबऱ्यात उभी राहिले. नवऱ्याच्या तोंडचं माझं कौतुक मी जन्मात एकदाच ऐकलं, आणि तेही दुसऱ्याच्या आवाजात. गाडी गोमाई नदीच्या उताराला लागली तेव्हा मला भाऊजींचा पुन्हा हेवा वाटला. यांची आणखी किती बोलणी त्या माणसापाशी असतील कोण जाणे, आणि ती सगळी आता लोणखेड्याला निघाली होती.