पोह्यांवरचा आळ

ती घटना आजही आठवते आणि आठवली की हसू येतं. त्या सकाळी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

मी तेव्हा गंगाखेडला ठाण्याचा प्रभारी होतो. हजेरी चालू असतानाच जवळच्या गावातून फोन आला: लग्नघरात विषबाधा, नवरी आणि तिच्या तीन मैत्रिणी ग्रामीण रुग्णालयात. पाठोपाठ दुसरा फोन, नाव न सांगता. "आचाऱ्याला धरा सायब. काल नवरीच्या मामाशी त्याचं लय वाजलंय."

वाजलं होतं हे खरं. मामांनी त्याच्या भाजीला नावं ठेवली होती. नाश्त्याच्या पोह्यांचे नमुने सील करायला जमादारांना पाठवलं आणि आचाऱ्याला ठाण्यात बसवून विचारपूस सुरू केली.

"तेच पोहे मांडवात समद्यांनी खाल्ले, सायब. मी बी खाल्ले. भांडण मामाशी, मग पोरींवर राग कशाला काढू?"

खोटं बोलणारा सहसा पाल्हाळ लावतो. हा एवढंच बोलून गप्प बसला.

मी रुग्णालय गाठलं. ऑक्सिजन लावल्यावर पोरी सावरल्या होत्या. बाहेर व्हरांड्यात मुलाकडची मंडळी सोयरीक मोडायच्या गोष्टी करत होती. मी नवरीचा जबाब घ्यायला बसलो.

"पोहे किती खाल्लेस, बाळा?"

"कायबी न्हाई, सर. अक्षता पडंपर्यंत मला उपास हाय."

माझा पेन थांबला. "मग चौघी होतात कुठं?"

"माझ्या खोलीत. दारं-खिडक्या लावून तयार व्हायलो होतो."

शेजारी उभे असलेले डॉक्टर म्हणाले, "साहेब, पोह्यांपेक्षा त्या खोलीतली हवा बघा."

तसाच गावात गेलो. नवरीच्या खोलीला लागून धान्याची कोठी. मधली भिंत छतापर्यंत पोचलेलीच नव्हती. कोठीत छोटा पेट्रोल जनरेटर धडधडत होता आणि मामा कॅन उचलून चालू इंजिनातच पेट्रोल ओतायच्या बेतात होते.

"थांबा! आधी ते बंद करा!"

"लाईट गेलीय सायब. मांडवातले पंखे..."

"तापल्या इंजिनवर पेट्रोल सांडलं तर मांडवच पेटेल, मामा. आणि हे घरात का ठेवलंय?"

"भाईर लय आवाज करतंय. मंगलाष्टकं कशी ऐकू येतील?"

तेवढ्या वेळात माझंही डोकं जड झालं होतं. डॉक्टरांनी नंतर खुलासा केला: इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. तो दिसत नाही, त्याला वासही नसतो. बंद जागेत माणूस झोप आल्यासारखा कोसळतो.

जनरेटर घरापासून लांब, उघड्यावर नेला. पूर्ण थंड झाल्यावरच त्यात पेट्रोल घातलं. आचाऱ्याला मी स्वतः जीपमधून परत आणलं. मामांनी सगळ्यांसमोर त्याचे हात धरले. "चुकलं माझं, दादा."

"ते ऱ्हाऊ द्या. आधी भाजी चाखा," तो म्हणाला आणि मांडव हसला. मुलाकडच्यांचाही राग गेला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर संध्याकाळी अक्षता पडल्या. मंगलाष्टकांत लांबून जनरेटरचा आवाज येत होता, पण कुणाची तक्रार नव्हती. मामांना तर त्याच्या आसपास फिरकायलाही नवरीने बंदी घातली होती.

गावात वैर शोधायला निघालं की ते कुठंतरी सापडतंच, आणि मग पोलिसालाही तपास संपल्यासारखा वाटतो. त्या दिवसापासून कुणाचं कुणाशी भांडण आहे, हे विचारण्याआधी मी खिडक्या उघड्या होत्या का, ते विचारू लागलो.