बेचाळीस नंबरची पावती

मी चौथी शिकलेली बाई. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंधारात गोठ्यात एकटी जाते, भीती वाटत नाही. तरी हे वहीत लिहून ठेवतेय, कारण तोंडाने मला नीट सांगता येत नाही.

आमचं गाव कोल्हापूरपासून बसने अर्ध्या तासावर. गावात दूध डेअरी आहे. सकाळी कॅन घेऊन रांगेत उभं राहायचं. वजन होतं, मशीन दुधातली फॅट मोजतं आणि कॉम्प्युटरमधून पावती येते. पावतीवर सभासदाचा नंबर असतो. आमचा बेचाळीस, सासूबाईंच्या नावावर. मी त्यांना आत्ती म्हणायचे. मला रांगेत पुरुषांसमोर उभं राहायची लाज वाटायची, म्हणून दूध त्याच घेऊन जायच्या.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी म्हशीने लाथ मारली आणि बरंच दूध सांडलं. आत्ती ओरडतील म्हणून मी गुपचूप कॅनमध्ये नळाचं पाणी ओतलं... एरवी आमची फॅट सहाच्या वर, त्या दिवशी लागली ४.१. सेक्रेटरी तात्या भर रांगेत म्हणाले, "काय म्हातारे, म्हस नळाला बांधलीयास व्हय?" सगळे हसले. आत्तींनी कॅनवर हात ठेवून शपथ घेतली. कुणी मानली नाही.

घरी येऊन त्यांनी मला काहीच विचारलं नाही. रोज कॅन मी घासायचे, त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः घासला. मीही पाण्याचं कबूल केलं नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्या. त्यांचा नंबर बंद झाला, माझ्या नावावर दोनशे अठरा निघाला.

गेल्या महिन्यात डेअरीचा कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला. तात्या म्हणाले, "जुना डेटा काढायचा हाय. चालू सभासदांचा पेनड्राइव्हवर ठेवतो, बंद खाती डिलीट." घरी येऊन मी देवाला हात जोडले. ते ४.१ आता कुठेच राहणार नव्हतं...

डिलीट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी रांगेत होते. मशीनवर ६.८ आकडा आला, मी डोळ्यांनी पाहिला. पावती निघाली — नंबर ४२, आत्तींचं नाव, फॅट ४.१. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

"तात्या, हे..."

"बटण चुकलं असंल." त्यांनी बेचाळीस टाकून बघितलं. परत टाकलं. "आरं, ह्यो नंबरच न्हाय की ह्यात! मग ही आली कुठनं?"

त्यानंतर तशी पावती आली नाही. पण रोज प्रिंटर करकरला की मी आधी पावतीवरचा नंबर बघायचे. भाकरी जाईना, झोप येईना. दहाव्या दिवशी रांगेतच कॅन खाली ठेवला आणि मी कसंबसं तात्यांना म्हणाले, "तवा पाणी मी घातलं हुतं. आत्तींनी न्हाय."

तात्या म्हणाले, "आता सांगून काय उपेग, सूनबाई? दुरुस्त कराय नोंदच न्हाय ऱ्हायली."

मागून शेजारच्या शांताकाकू म्हणाल्या, "नोंद गेली, आमी हाय न्हवं? म्हातारीची शपथ खरी हुती म्हणायची."

या वेळी रांगेत कुणी हसलं नाही.

पावती मी डब्यात ठेवलीय. ती कशी आली ते तात्यांना सांगता येत नाही, कॉम्प्युटरवाल्यालाही नाही. मी तर विचार करायचं सोडलंय. पण रोज कॅन घासताना हात थांबतो... पाणी मीच घातलं हे त्यांना तेव्हाच कळलं होतं का? त्या दिवशी आत्तींनी तो स्वतः का घासला असेल?