विटा आणि थोरल्या दिरांची मान

आमच्यात थोरल्या दिरांसमोर सुनेनं मान वर करायची नाही. डिंडोलीतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत खाटलीचं काम चालतं आणि ते काम आणतात थोरले दीरच. बुटक्या लाकडी चौकटीवर साडी ताणायची, भोवती चौघींनी जमिनीवर बसायचं आणि वाकून खडे-टिकल्या लावायच्या. चौदा वर्षं माझी मान खालीच. कामासाठी खाली, दिरांसाठी त्याहून खाली.

गेल्या वर्षी उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वेणी मुलगी घालायची. मी जाऊबाईंकरवी निरोप दिला, खाटलीखाली विटा लावू म्हणजे चौकट उंच होईल, शेजारच्या बांधकामावर ढीगभर पडल्यात. दिरांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हाई बठं नाटक शे. बाईनी मान खालेच बरी."

सगळं नाटकच म्हणे! बायका हसल्या. त्यांचं मी सोडून दिलं. दिरांचं मात्र मनात धरून ठेवलं, अगदी जपून.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "ठोडी अंदर लो, आंटी." मी हनुवटी छातीला लावली. "नीचे नहीं, अंदर." मी पुन्हा खालीच नेली. सुनेच्या मानेला दुसरं काही येतच नव्हतं. शेवटी तिनं हनुवटीवर दोन बोटं ठेवून चेहरा सरळ मागे ढकलला. भिंतीला पाठ लावून असं दहा वेळा करायचं, दर वेळी पाच मोजायचे. मग खांद्याची पाती मागे ओढायची, मग हात भिंतीवरून वर सरकवायचे. तिनं बजावलं, चौकट उंच झाली नाही तर हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्याकडे मोकळी भिंत एकच, दिरांच्या खुर्चीसमोरची. मी मुद्दाम तिथंच उभी राहायचे, डोक्यावर पदर घेऊन, पण मान ताठ. दीर खुर्ची फिरवून बसायचे. दोन महिन्यांत माझा हात वेणीपर्यंत पोचला, पण दिवसभर वाकलं की संध्याकाळी खांदा पुन्हा पेटायचा.

आणि एका सकाळी दिरांचीच मान धरली. दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घातल्यावर दुसरं काय होणार! दवाखान्यातून माझेच व्यायाम सांगितले, पण त्यांना ते जमेनात. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

जाऊबाई आल्या. "यांना जरा दाखव ना गं."

"आधी विटा," मी म्हणाले.

दोन दिवस दिरांनी दम धरला. तिसऱ्या दिवशी वाकडी मान घेऊन स्वतः आठ विटा उचलून आणल्या आणि खाटलीच्या पायांखाली दोन-दोन लावल्या. बायका सुया थांबवून बघत होत्या.

मग मी त्यांना त्याच भिंतीशी उभं केलं. त्यांनी हनुवटी छातीला लावली. बरोबर की चूक हे सांगायला मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागणार होतं. मी पदर मागे सारला आणि बघितलं, चौदा वर्षांत पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत. त्यांनीच नजर खाली वळवली.

"खाले नही, भाऊ," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि एकपासून सावकाश मोजायला लागले.