आधारच्या हातातला रुपया

फैजपूरच्या आमच्या गल्लीत आधारच्या हातांचं कौतुक कधी नव्हतंच. केळीचे घड उतरवून उतरवून, चिकाने ते काळेकुट्ट झालेले. सत्त्याऐंशी सालच्या त्याच्या लग्नात धुळ्याचा मेव्हणा रुपचंद भर मांडवात म्हणाला होता, "दाजी, हळदीच्या आधी डांबर लावलं का?" मांडव खो खो हसला. आधारही हसला, पण ते बोलणं त्याच्या मनात सलत राहिलं. याच हातांनी रुपचंदचं तोंड बंद करायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

आठवडे बाजारात एक जादूवाला रुपया गायब करत होता. आधारने त्याला पोटभर भजी खाऊ घालून मर्म काढून घेतलं. नाणं डाव्या मुठीत ठेवल्याचं सोंग करायचं, पण दाबून धरायचं उजव्या तळव्यात, अंगठ्याखालच्या मांसाने.

"वरीस जाईल शिकायला," जादूवाला म्हणाला.

आधारला ते पुढच्या बाजाराच्या आतच जमलं! बागेत घड उतरवताना पालथा हात झटकला, पाची बोटं फाकवली, तरी रुपया जागचा हलेना. सोबतचे गडी तोंडात बोटं घालू लागले.

"देवनी देणगी शे, भो!" आधार सांगायचा, आणि चहाचा कप उचलण्याआधीसुद्धा बोटं नाचवायचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायको लिलाबाई माहेरी गेली. तिला आणायला धुळ्याला जायचं होतं. आधारने त्याआधी कितीतरी दिवस बागेत पाऊल टाकलं नाही. रॉकेल आणि लिंबाने हात घासघासून असे चकचकीत केले, की जणू हातांचंच लग्न होतं.

सासुरवाडीच्या ओसरीवर सगळे जमले. "बठ्ठाजण दखा!" म्हणत, सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळवून आधारने डावी मूठ वळली, उजवा हात झटकला, आणि रुपया ठण्णकन फरशीवर पडून रुपचंदच्या पायाशी गेला.

"दाजी, गायब नई झाया, आठेच शे!" रुपचंद खिदळला. लिलाबाईने पदरात तोंड लपवलं.

पुन्हा झटकला, पुन्हा ठण्ण; या वेळी रुपया रुपचंदनेच उचलून खिशात टाकला. तेव्हा आधारच्या डोक्यात उजेड पडला. देणगी देवाची नव्हती, केळीच्या चिकाची होती.

मान खाली घालून तो पानावर बसला. आमरस ओरपता ओरपता बोटाला बोट चिकटू लागलं, आणि गडी एकदम ताठ झाला.

"रुपचंदभाऊ, दे तो रुपया इकडं!"

डावी मूठ उघडली, रिकामी. उजवा हात पालथा, पाची बोटं फाकलेली. पंगत वाकून वाकून बघू लागली.

"हात धुऊन करा!" रुपचंद ओरडला.

सासू द्रौपदाबाई रस वाढत होती. तळव्याच्या कडेला रसाने पिवळी झालेली रुपयाची कड चमकलेली तिने पाहिली होती. "जेवता जावई उठाडस का रे? बस खाली!" ती मुलावर कडाडली.

मग आधारने रुपचंदच्या कानामागून रुपया काढला. त्या कानाला रसाचा पट्टा लागला. संध्याकाळपर्यंत रुपचंद तो मिरवत हिंडला, कोणी सांगितलं नाही.

आधारला मात्र चैन पडेना. वर्षभर तो कोरड्या हाताने रुपया पाडत राहिला. ठण्ण ठण्ण ऐकून गल्लीला वाटलं, याने घरात देऊळ काढलं.

पुढच्या आखाजीला त्याने रुपचंदच्याच हातून पाणी घेतलं, साबण लावून हात धुतले, पुसले. रुपया गायब. रुपचंदने आधी आपले दोन्ही कान चाचपले.

मागून द्रौपदाबाई हळूच म्हणाली, "जावईबापू, रस लागी का?"

"लागेल की मामी," आधार म्हणाला, "पण पोळीसंगे."