माझा नवरा पितो, असं मी सांगितलं

बाईंनी पोरगी माझ्या हातात दिलीच नाय. बालवाडीच्या दारात मी हात पुढे केला तर त्यांनी तिला स्वतःच्या पाठी घेतली आणि माझ्या तोंडाजवळ येऊन हळूच बोलल्या, तू पिऊन आलीस. दुपारचे साडेबारा. बाकीच्या आया तिथेच उभ्या, कोणी दप्तर घेतंय, कोणी बूट घालतंय. माझ्या तोंडात मूठभर बडीशेप होती ती गिळता येईना, मी नाय नाय करत राहिली आणि माझी तीन वर्षांची पोरगी बाईंच्या साडीमागून हाका मारत होती, मम्मी चल ना, चल ना.

सगळे गेल्यावर बाईंनी मला आत बसवलं. चार वाजेपर्यंत. मग बोलल्या, मुलुंडला एका शाळेत शनिवारी संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते, फुकट असते, तिथे जा, नाय गेलीस तर सोमवारी मी तिच्या पप्पांना फोन करणार.

पप्पांना कळलं म्हणजे सासूला कळलं, आणि सासूला कळलं म्हणजे पोरगी तिच्याकडे कोळीवाड्यात, कायमची. मला दुसरी कसलीच भीती नव्हती, एवढीच होती.

सासूला तरी काय बोलू. बाळंतपणात तिनेच दिली, गरम पाण्यात दोन चमचे ब्रँडी, थंडी बाधू नये म्हणून. तिच्याकडे सगळ्या बाळंतिणींना देतात. सगळ्यांची सव्वा महिन्यात बंद होते, माझी झाली नाय. नवरा गोरेगावला शूटिंगच्या लाइटवर कामाला, सकाळी जातो तो कधी येईल नेम नाय. नाहूरच्या त्या खोलीत मी आणि पोरगी, आणि दुपारी पोरगी झोपली की मी एकटी. भिंतीपलीकडे लोकांचे टीव्ही चालू असतात ते ऐकत बसायचं.

शनिवारी पोरीला शेजारी ठेवली, शिवणक्लास बघायला जाते बोलली. शाळा सापडेना, आणि विचारणार काय कोणाला, दादा, दारूची मीटिंग कुठे? त्याच रस्त्याने तीन वेळा गेली. शेवटी एका गेटवर वॉचमन होता, त्याने माझ्याकडे बघितलं, मंगळसूत्र बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आधीच बोलला, "मीटिंग ना? पिणारे वर. त्यांच्या बायका खाली, डाव्या हाताला."

मी डाव्या हाताला गेली.

खाली पहिलीचा वर्ग होता, बुटकी बाकं, त्यावर दहाबारा बायका गुडघे वर करून बसलेल्या. एका मावशीने सरकून जागा दिली, माझा हात धरला.

"किती वर्षं पितो गं तुझा?"

"तीन," मी बोलली.

निघून गेलं तोंडातून. माझा नवरा तंबाखूला पण हात लावत नाय. मावशीने विचारलं लपवतो कुठे, मी बोलली तांदळाच्या डब्यात. सगळ्या हसल्या.

"शहाणाच आहे मेला. आमचा देव्हाऱ्यापाठी ठेवायचा, म्हणजे मी पाळीत असली की हात लावणार नाय."

मग मी सांगतच सुटली. बडीशेप, टूथपेस्ट, दार लावून पिणं, पोरगी रडते तरी उठवत नाय ते. सगळं माझं, नि सगळं त्याच्या नावावर. मावशी पाठीवरून हात फिरवत बोलली, "यात तुझी काय चूक नाय, बाळा." आई गेल्यापासून मला बाळा कोणी बोललं नव्हतं. मी खूप रडली. पण ती माझ्याशी बोलतच नव्हती, मी जी बाई बनवली होती तिच्याशी बोलत होती.

सोमवारी बाईंनी विचारलं, गेलीस? मी हो बोलली, त्यांनी पोरीचा हात माझ्या हातात दिला. गुरुवारी मी परत प्यायली.

पुढच्या शनिवारी मी जिन्याकडे वळली. मावशीने खालच्या वर्गाच्या दारातून बघितलं, बोलली अगं वर कुठे, वर ते लोक असतात. मी थांबली नाय, थांबली असती तर खालीच बसली असती.

वर सात-आठ पुरुष. एक जण उभा राहिला, "ताई, कोणाला बोलवू?"

"कोणाला नाय. मीच पिते."

कोणी हसलं नाय. एका काकांनी बाकावरची आपली पिशवी उचलली, मला जागा केली, आणि स्वतः पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. चांगली माणसं आहेत, पण बाईमाणूस म्हणून सगळे लांब बसतात, चहा पण बाकाच्या टोकाला ठेवतात. हात कोण धरणार?

खाली आली तर मावशी गेटवर उभी. बोलली, म्हणजे तुझा नवरा? मी बोलली, तो पित नाय. ती पाठ फिरवून निघून गेली. आता समोर आली की पदर सारखा करते, बोलत नाय.

तेव्हापासून मी प्यायली नाय, आज चार आठवडे झाले. वरच्या मीटिंगमध्ये सांगतात, घरी खरं बोल, त्याशिवाय टिकत नाय. काल नवरा जेवताना बोलला, हल्ली बरी दिसतेस गं. मी तोंड उघडलं होतं, पोरगी त्याच्या मांडीवर बसून त्याच्या ताटातला भात खात होती. सांगितलं तर पोरगी जाईल. नाय सांगितलं तर कधीतरी बाहेरून कळेल, आणि मी त्याला दारुडा बनवला ते पण कळेल. मी पाण्याचा तांब्या आणायला उठली. तुम्ही असता तर काय केलं असतं?