खंडेनवमी आणि इटालियन टेबल

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात बाबांचं वर्कशॉप होतं. काम ऑफिसांच्या पार्टिशनचं. पोट भरत होतं, पण बाबा त्याला सुतारकाम म्हणायला तयार नसत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका इटालियन बाईंनी त्यांच्याकडे आपल्या आजीच्या वेळचं छोटं टेबल दुरुस्तीला दिलं. वरच्या फळीत वेगवेगळ्या लाकडांचे कागदासारखे पातळ तुकडे बसवून पक्षी आणि वेल काढली होती; रंगाचा थेंब नाही. पक्ष्याचा एक पंख उखडला होता. हे जमलं तर अशाच कामाचं मोठं कपाटही देईन, असं बाई म्हणाल्या. महिनाभर बाबांच्या तोंडी ते कपाटच होतं. आईचे कान किटले.

मी कॉलेज संपवून वर्कशॉपचं ऑफिस सांभाळत होतो. खंडेनवमीला सकाळीच बाबांनी सरस गरम करून पंख चिकटवला, सरस वाळेपर्यंत तो दाबून राहावा म्हणून वर चार क्लॅम्प आवळले आणि फुजैराला साइटवर निघाले.

"संध्याकाळच्या पूजेचं तू बघ. एकही हत्यार राहता कामा नये. यल्ला, मला लेट होतोय."

मी करवती, रंधे, पटाश्या धुऊन पांढऱ्या कापडावर मांडल्या. क्लॅम्प कमी भरले, तेव्हा टेबलावरचे चारही सोडवले. धुतले, कुंकू लावलं, फुलं वाहिली. स्वतःवर खूशही झालो. अक्कल म्हणून नव्हती.

संध्याकाळी परतून आरती करताना बाबांची नजर त्या चार क्लॅम्पवर गेली. त्यांनी तबक माझ्या हातात दिलं आणि टेबलाकडे गेले. पंखाची कड वर उचलली गेली होती. पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही, हा नियम बाबांनी जन्मभर पाळला होता. त्यांनी फुलांतून क्लॅम्प उचलले, रुमालाने कुंकू पुसलं आणि पुन्हा आवळायला घेतले. सरस वाळला होता. पंख मधोमध तडकला.

 मला ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी बाई आल्या. तडा बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "क्लॅम्प इतक्या लवकर कोणी काढले?" पोराने काढले म्हटलं असतं, तर कदाचित कपाट आलंही असतं.

"आय, मॅडम," बाबा म्हणाले. "माय मिस्टेक."

मी शेजारीच उभा होतो. टेबल उचलून बाईंच्या गाडीत ठेवायला मदत केली, आणि गप्प राहिलो.