फळ न धरणारा वेल

शेवटची भेट झाली ती नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात. मंदावहिनीच्या हाताला सलाईन लावलेलं, आवाज पार बसलेला, आणि ती सिस्टरला झाड पाणी कसं पितं ते समजावून सांगत होती. बाटली वर टांगली म्हणून पाणी खाली येतं, यात काय मोठंसं. झाडाकडे ना बाटली ना पंप, तरी मुळाशी शोषलेलं पाणी शेंड्याला पोचतं, कारण वरची पानं उन्हात पाणी सोडत राहतात आणि खालचं आपोआप वर ओढलं जातं... सिस्टर बिचारी थर्मामीटर हातात धरून उभी. मी म्हटलं, वहिनी, आता तरी जरा गप्प पड. तर म्हणाली, "वन्सं, घाबरू नका, परीक्षा नाही घेत मी." मला चिडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणायची, एरवी नुसतं शोभा. त्या दिवशी मी हसत हसतच सटाण्याला, माझ्या सासरी परतले. आठवड्यानं दादाचा मोबाइलवर फोन आला. त्यानं नुसतं माझं नाव घेतलं आणि मला कळलं. आज तिला जाऊन दीड महिना झाला. रडून झालं माझं. आता आठवायला बसलं की जे येतं ते सगळं लगबगीचं आणि उत्साहाचं येतं, त्याला मी तरी काय करू? बाई होतीच तशी.

आमचं माहेरचं घर भाजीवाल्यांचं. नाशिकच्या वेशीबाहेर मळा, विहीर, तारांचे मांडव, त्यांवर गिलकी आणि दोडकी. कारभार सगळा माझ्या आईच्या हातात, कुठे काय लावायचं ते तीच ठरवणार आणि बाजारातही तीच बसणार. नव्वद सालानंतर लगेचच दादाचं लग्न झालं आणि शहरातली, ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी मंदावहिनी आमच्याकडे आली. मी तेव्हा बारावीत होते. ती भेंडी आडवी कापायची, तिच्यावर शाई लावून माझ्या वहीवर चांदणी उमटवायची, आतले कप्पे मोजायला लावायची, आणि तोवर इकडे फोडणी जळून कोळसा. आईनं दोन-तीन फोडण्या सोसल्या आणि मग निकाल देऊन टाकला की पोरगी गुणाची आहे, पण शेतातली नाही. हे वाक्य वहिनीला फार लागलं. तिला पगाराचं कौतुक नको होतं. मळ्याचं काही बोलणं निघालं की आई म्हणायची, "तू जा बाई कॉलेजला, उशीर व्हईल तुला," आणि ती पर्स उचलायची. त्या बोलण्यात आपल्यालाही बसवून घ्यावं, एवढंच तिला हवं होतं.

पाच-सहा वर्षं गेली आणि तिच्या डोक्यात करटुली शिरली. ही काटेरी, हिरवी, बोरापासून लिंबाएवढ्या आकाराची रानभाजी पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांतून येते आणि बाजारात भलताच भाव खाते. वहिनीचं म्हणणं, जमिनीखाली तिचा कंद असतो, तो आणून लावला की वेल आपल्या मांडवावरही येईल. आईला ते वेड वाटलं. रानातलं रानातच बरं, असं तिचं म्हणणं. महिनाभर हुज्जत चालली. शेवटी विहिरीजवळचा लहान मांडव आईनं दिला, तोही एका हंगामापुरता. पुढच्या वर्षीच्या पोळ्यापर्यंत फळ दिसलं नाही तर वेल उपटून गिलकी लावायची, आणि वहिनीनं पुन्हा मळ्यात तोंड घालायचं नाही. वहिनीनं मान डोलावली.

कंद आणायचे तर ते उत्तम वेलाचेच, हा आईचा नियम. बी धरायचं ते सगळ्यात भरलेल्या झाडाचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून मग भाद्रपदात आम्ही दोघी त्र्यंबकला गेलो. देवळाच्या वाटेवर यात्रेकरूंना करटुली विकणारी जनीबाई आम्हाला तिच्या पाड्यामागच्या डोंगरावर घेऊन गेली. वहिनीनं जे वेल फळांनी लगडलेले होते, नेमके तेवढेच निवडून त्यांना लाल दोरा बांधला. फाल्गुनात जनीबाईनं त्या दोऱ्यांखालचे कंद खणून दिले. पावसाआधी ते लावले, पहिल्या सरींत कोंब वर आले, आणि महिन्याभरात मांडव असा काही भरला की येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. आषाढात दिवेलागणीला पिवळी फुलं उमलली. प्रत्येक फुलाच्या देठाशी एक इवलंसं काटेरी करटुलं तयार. आई दोनदा पुन्हा जाऊन ते बघून आली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

चार दिवसांत ती करटुली पिवळी पडून गळाली. पुढची आली, तीही गळाली. वहिनीनं पाणी कमी केलं, मग जास्त केलं, पानं उलटी करून कीड शोधली... काही नाही. पोळा जवळ येत होता आणि आई गिलक्याचं बी काढून ठेवत होती. आणि एके दिवशी दुपारी दोनलाच वहिनी कॉलेजातून धावत घरी आली. हाताला खडू तसाच. वर्गात फुलांचा धडा चालू होता. तिनं फळ्यावर भोपळ्याचं नराचं फूल काढलं, शेजारी मादीचं काढलं, आणि तिथेच तिचा हात थांबला. भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन्ही फुलं येतात. करटुलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. फळं धरलेले वेल निवडून आणले म्हणजे सगळ्या माद्याच आणल्या की! दर वर्षी पोरांना शिकवते ते आपल्या मांडवात आठवलं नाही, असं म्हणून ती ओट्यावर बसून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. आई म्हणाली, "पन भरलेलेच येल आनायला तर मीच सांगितलं व्हतं." तिनं आपली चूक कबूल केल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दादाच्या मित्राची जीप घेऊन आम्ही त्याच दिवशी निघालो. जनीबाईला सांगितलं, नर वेल हवाय. ती तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. "त्याला फळ नाय धरत बाई, मग त्याला दोरा कोन बांधील? तुमी शिकलेल्या, म्हनलं ठाऊक असंल." पण ज्याला फळ नाही त्याच्याकडे रानातही कुणी बघत नाही, त्यामुळे शोधायला वेळ लागला. संध्याकाळ व्हायला आली, फुलं उघडायला लागली, आणि वहिनी करवंदीच्या जाळीत अक्षरशः घुसली. तिथे तो होता! फुलाच्या मागे काटेरी गाठ नाही, नुसतं एक छोटं हिरवं पान टोपीसारखं. तिनं फुलं ओल्या रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्यात भरली. मग मातीच्या मोठ्या गड्ड्यासकट कंद उपसला आणि कात्रीनं वेलाची अर्ध्याहून जास्त पानं छाटून टाकली. मुळं तुटली आहेत, आता ती एवढ्या पानांची तहान भागवू शकायची नाहीत, असं ती भराभर सांगत होती आणि मी गोणपाट धरून उभी होते. तिच्या साडीची लक्तरं झाली होती, हातावर ओरखडे, आणि चेहरा असा की पहिलं बक्षीस मिळालेली मुलगी बघावी.

पहाटे उजाडता उजाडता आम्ही तिघी मांडवाखाली होतो. वहिनीनं नराच्या फुलाच्या पाकळ्या मागे दुमडल्या, मधला पिवळा भाग मादीच्या फुलात अलगद टेकवून फिरवला आणि त्या देठाला पांढरा दोरा बांधला. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. छाटलेला वेल बघून तिचा जीव वरखाली झाला होता, पण त्यानं आठवड्यात नवा शेंडा फोडला. दोरे बांधलेली करटुली मात्र चौथ्या दिवशी गळाली नाहीत. पाचव्या दिवशी फुगली. मी ओरडतच घरात गेले. आईनं येऊन एक करटुलं बोटांत धरून पाहिलं, मग वहिनीकडे वळली आणि विचारलं, "पुढल्या साली नर किती लावायचे?" बस, एवढंच. वहिनी तिथेच मातीत बसली आणि दहा माद्यांमागे एक नर असा पुढल्या सालचा मांडव काडीनं आखून दाखवायला लागली. त्यानंतर दहा-बारा वर्षं, ती जाईपर्यंत, आमच्या मळ्यात तिला विचारल्याशिवाय काही लागलं नाही.

ती गेली तो आषाढच होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं, दादा भिंतीला टेकून बसलेला. आई दिसेना म्हणून मी मागच्या दारानं गेले, तर ती मांडवाखाली. आता तिची पंचाहत्तरी उलटली आहे. एका हातात नराचं फूल, दुसऱ्या हातानं मादीचं फूल जवळ ओढत होती. मी म्हटलं, आई, सुतक आहे गं, राहू दे. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुतक आपल्याला. फूल थोडंच थांबतंय?" मग तिनं पाकळ्या मागे दुमडल्या, फूल टेकवलं, अलगद फिरवलं आणि म्हणाली, "तिच्यावानी करतेय बघ. पन चुकलं तर सांगायला आता कोन हाय?"

मला तरी कुठे येत होतं? मी तिच्या शेजारी उभी राहून दुसरं फूल उचललं.